रक्ताच्या तपासणीवरून कळतं का, स्ट्रोकनंतर पेशंट पुन्हा चालेल की नाही?

सकाळचा चहाचा कप हातातून निसटतो. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, शब्द अडखळतात. घरातले आधी म्हणतात, रात्री झोप नीट झाली नसेल. मग शेजारची एखादी आजी बघते आणि म्हणते, "अगं, अंगावरून वारं गेलंय!"

अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात, ब्रेन स्ट्रोक. नावं वेगवेगळी असली तरी आजार एकच.

दोन-तीन दिवसांनी आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेल्या नातेवाईकांचा प्रश्नही एकच असतो. बाबा परत चालायला लागतील का? आई बोलेल का?

या प्रश्नामागे पुढचे सगळे निर्णय उभे असतात. डोंबिवली पूर्वेतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर आहे आणि लिफ्ट नाही, तर पेशंटला वर न्यायचं कसं? ब्युरोची बाई लावायची की सुनेने नोकरी सोडायची? एफडी मोडायची का? गावी न्यायचं का?

दरम्यान फाइल जाड होत जाते. रोज रक्त घेतलं जातं, रोज रिपोर्ट येतो आणि त्यात काही आकडे ठळक छापलेले असतात. त्यांचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो. कुणीतरी लिहितं, "सीआरपी वाढलाय, म्हणजे सीरियस आहे." कुणी विचारतं, "पेशंट किती बरा होणार हे सांगणारी रक्ताची टेस्ट आली आहे म्हणे. ती केली का?"

अशी टेस्ट खरंच आहे का?

थोडक्यात उत्तर असं: रक्तात काही खुणा नक्की सापडतात आणि त्यांच्यावर जगभर, अगदी महाराष्ट्रातही, काम झालं आहे. पण एकट्या रक्ताच्या आकड्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. असं का, ते समजून घेतलं तर फाइलमधल्या ठळक आकड्यांची भीती बरीच कमी होते.

ठाणे-कल्याणमध्ये किती घरांचा हा प्रश्न आहे?

याचा अंदाज बांधायला मुंबईतला एक अभ्यास उपयोगी पडतो. ज्येष्ठ न्यूरोलॉजिस्ट डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका वॉर्डातल्या स्ट्रोकच्या रुग्णांची नोंद ठेवली. तिथे एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा स्ट्रोक आल्याचं दिसलं. रुग्णांचं सरासरी वय होतं ६६. सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून जास्त आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून जास्त होती. मुंबईतलं प्रमाण इथे जसंच्या तसं लावलं, तर या दोन महापालिकांत मिळून दिवसाला साधारण १२ नवे स्ट्रोक होतात. हा ढोबळ हिशोब आहे. तेव्हापासून लोकवस्ती वाढलेलीच आहे.

म्हणजे या पट्ट्यात रोज काही घरांत नव्याने विचारलं जातं, "चालेल का?"

हार्ट अटॅकला टेस्ट आहे, मग स्ट्रोकला का नाही?

छातीत दुखलं की डॉक्टर ईसीजी काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. आकडा वाढला की हृदयाला इजा झाल्याचं कळतं.

मेंदूचं प्रकरण एवढं सरळ नाही.

एक तर स्ट्रोक दोन प्रकारचा असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचतं. मुंबईच्या त्या नोंदीत साधारण ८० टक्के स्ट्रोक गुठळीचे आणि सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे होते. दोन्हींत लक्षणं सारखीच दिसतात, पण उपचार उलटे असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या पेशंटला दिलं, तर जीव जाऊ शकतो.

दुसरं म्हणजे मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानेच एक गाळणी ठेवली आहे. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये आणि मेंदूतलं वाटेल ते रक्तात येऊ नये, म्हणून. त्यामुळे मेंदूच्या पेशी मेल्या तरी त्यांचे अवशेष रक्तात उशिरा आणि अगदी थोडे पोहोचतात. ते मोजायला अतिशय संवेदनशील यंत्रं लागतात.

तरीही रक्तात काय काय सापडतं?

जीएफएपी: मेंदूच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींमधलं हे प्रथिन. रक्तवाहिनी फुटते तेव्हा या पेशी झपाट्याने फाटतात आणि जीएफएपी लवकर रक्तात येतं. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत ते फारसं वाढत नाही. म्हणून या खुणेचा मुख्य उपयोग गुठळी की रक्तस्राव हे ओळखण्यासाठी होईल, असं संशोधकांना वाटतं.

न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल: चेतापेशींच्या लांब तंतूंचा हा जणू सांगाडा. तंतू तुटले की तो रक्तात येतो. 'पेशंट किती सुधारेल' या प्रश्नाशी सर्वात जास्त जोडली गेलेली खूण हीच. अडचण अशी की ती सावकाश वाढते, दोन-तीन आठवडे वाढत राहू शकते आणि पुढे महिनोन्‌महिने चढी राहते. पहिल्या दिवशीच्या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय वय वाढलं किंवा किडनी कमजोर असली, तरी ती वाढलेली दिसते.

सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६: शरीरात दाह असल्याच्या खुणा. मोठ्या स्ट्रोकनंतर त्या वाढतात. पण न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, इतकंच काय सलाइनच्या जागी आलेली सूज, यांनीही सीआरपी वाढतो.

एनटी-प्रोबीएनपी आणि कोपेप्टिन: पहिली खूण हृदयावरच्या ताणाची, दुसरी एकूण शरीरावरच्या ताणाची. स्ट्रोक जेवढा मोठा, तेवढ्या या वाढण्याची शक्यता जास्त.

नागपुरात काय सापडलं होतं?

हे संशोधन फक्त परदेशात चालतं असं नाही. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. राजपाल सिंह कश्यप, डॉ. हातिम दागिनावाला, डॉ. गिरीधर टावरी आणि सहकाऱ्यांनी गुठळीच्या स्ट्रोकच्या रुग्णांचं रक्त तपासलं. आयटीआयएच-४ नावाच्या प्रथिनावर त्यांनी २००९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.

बहुतेक खुणा स्ट्रोकनंतर वाढतात. या प्रथिनाचं उलट होतं. निरोगी माणसाच्या रक्तात ते असतं. स्ट्रोकनंतर ते दिसेनासं झालं आणि पेशंट सुधारू लागला तसं हळूहळू परत येऊ लागलं. पुढच्या काळात याच गटाने दाहाच्या खुणा आणि रुग्णाची सुधारणा यांचा संबंधही तपासला.

कल्पना लक्ष वेधून घेणारी होती. पण असे अभ्यास एका संस्थेतले आणि थोड्या रुग्णांवरचे असतात. तिथे दिसलेली गोष्ट वेगवेगळ्या शहरांत, हजारो रुग्णांत, वेगवेगळ्या लॅबच्या यंत्रांवर पुन्हा दिसावी लागते. स्ट्रोकच्या बहुतेक खुणांची गाडी याच टप्प्यावर अडते. आयटीआयएच-४ ही तपासणीसुद्धा आज रुग्णालयांत सर्रास होत नाही.

रक्त 'किती' सांगतं, 'कुठे' सांगत नाही

गाडी का अडते? याचं मोठं कारण कल्याण स्टेशनवर उभं राहिलं की लगेच समजतं.

कल्याण जंक्शनला मार्ग फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. समजा, नेमका हे मार्ग फुटतात तिथे शंभर फूट रूळ खराब झाला. दोन्हीकडच्या गाड्या अडकतील आणि डोंबिवली-ठाण्यापर्यंत फलाट माणसांनी भरून जातील. तेवढाच शंभर फूट रूळ कारशेडमधल्या एखाद्या कडेच्या मार्गावर खराब झाला, तर प्रवाशांना पत्ताही लागणार नाही.

दोन्हीकडे खराब झालेलं लोखंड सारखंच. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मेंदूतही असंच आहे. हातापायांकडे जाणारे तंतू खोलवर एका चिंचोळ्या जागेतून एकत्र जातात. तिथे शेंगदाण्याएवढी इजा झाली तरी शरीराची अख्खी एक बाजू लुळी पडू शकते. उलट काही भागांत त्याहून मोठी इजा होऊनही माणूस चालत घरी जातो.

रक्तातली खूण साधारणपणे किती ऊतक गेलं ते सांगते. कुठलं गेलं ते तिला ठाऊक नसतं. आणि पेशंट चालेल की नाही, हे बरंचसं त्या 'कुठे'वर ठरतं.

साध्या गोष्टींपुढे टेस्ट फिकी पडते

डॉक्टरांकडे अंदाजाची दोन जुनी साधनं आहेत: पेशंटचं वय आणि स्ट्रोकची तीव्रता. तीव्रता मोजायला एनआयएचएसएस नावाची मोजपट्टी वापरतात. डोळे फिरतात का, हात उचलून धरता येतो का, बोलणं समजतं का, अशा तपासण्यांना गुण द्यायचे. शून्य म्हणजे काही दोष नाही आणि ४२ म्हणजे सर्वात वाईट. याला लागतात काही मिनिटं, आणि खर्च काहीच नाही.

नव्या टेस्टची खरी परीक्षा अशी: वय आणि हे गुण माहीत असताना रक्ताचा आकडा त्यात नवीन काय भर घालतो? एडिनबराच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे तपासलं. इंटरल्यूकिन-६ आणि एनटी-प्रोबीएनपी यांचा वाईट परिणामाशी संबंध दिसला. पण वय आणि तीव्रता आधीच हिशोबात घेतल्यावर त्यांनी अंदाजात उपयोगी पडेल एवढी सुधारणा केली नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आकडा वाईट परिणामाची चाहूल देतो म्हणून तो आकडा खाली आणला की पेशंट सुधारेल, असं नाही. स्ट्रोकनंतर साखर वाढलेल्या रुग्णांची प्रकृती जास्त बिघडते, हे माहीत होतं. म्हणून अमेरिकेत शाइन नावाच्या चाचणीत १,१५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर इन्सुलिनने कडक ताब्यात ठेवली. २०१९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, उलट साखर धोकादायकपणे खाली जाण्याचे प्रसंग वाढले.

मग डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात?

वय, एनआयएचएसएस, सिटी स्कॅन किंवा एमआरआयमधली इजेची जागा, उपचार किती लवकर मिळाले आणि पहिल्या काही दिवसांतली हालचाल, या सगळ्यांवरून.

हालचालीबाबत नेदरलँड्समधला २०१० चा एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. गुठळीच्या स्ट्रोकने हात कमजोर झालेल्या रुग्णांत पहिल्या ७२ तासांत दोन साध्या गोष्टी पाहिल्या. बोटं थोडी तरी सरळ करता येतात का? हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलता येतो का? ज्यांना दोन्ही जमलं, त्यांचा हात सहा महिन्यांनी काही प्रमाणात कामाचा होण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना दोन्ही जमलं नाही, त्यांच्यात ती २५ टक्के होती.

हा २५ चा आकडा नीट वाचायला हवा. पहिल्या तीन दिवसांत बोट हललं नाही तरी चारातल्या एकाचा हात पुढे काही ना काही काम करू लागतो. आणि हा अंदाज हाताचा आहे. चालण्याचा वेगळा, बोलण्याचा वेगळा.

भारतातलाही एक आकडा घरच्यांनी जवळ ठेवावा. अटेंड या अभ्यासात देशभरातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. सहा महिन्यांनी सुमारे ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा दुसऱ्यांवर अवलंबून होते. म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण स्वतःचं स्वतः करू लागले होते. घरच्या माणसांना व्यायाम शिकवून फरक पडतो का, हे त्यात तपासलं होतं. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे घरच्यांचा हात हवाच, पण तो प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेईल असं धरून चालू नये.

घाईच्या भाकिताचा धोका

समजा, मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटबद्दल पहिल्याच रात्री कुणी म्हणालं, "काही उपयोग नाही." घरचे खचतात. उपचार आवरते घेतले जातात किंवा स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला जातो. पेशंट दगावतो. मग सगळे म्हणतात, "बघा, सांगितलंच होतं."

इथे भाकीत खरं ठरलं की भाकितामुळे तसं घडलं? मेंदूतल्या रक्तस्रावाबाबत संशोधकांनी हा धोका वारंवार दाखवला आहे. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, रुग्णाने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल, तर उपचारांना मर्यादा घालण्याचे निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलावेत.

रक्ताच्या एका आकड्यावर घेतलेला असा निर्णय तर आणखी धोक्याचा. आकडा एकदा मोजला जातो. पेशंट रोज बदलत असतो.

मग रोज रक्त का घेतात?

भविष्य सांगण्यासाठी नाही, आज काय करायचं हे ठरवण्यासाठी.

साखर सर्वात आधी बघतात, कारण साखर खूप खाली गेली तरी स्ट्रोकसारखीच लक्षणं दिसतात. रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट्स यांवरून इंजेक्शन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरक्षित आहेत का, ते कळतं. क्रिएटिनिन किडनीचं, सोडियम क्षारांचं. कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दुसरा स्ट्रोक टाळण्यासाठी.

सीआरपी वाढला असेल, तर "सीरियस आहे का?" याऐवजी "छातीत संसर्ग आहे का? गिळण्याची तपासणी झाली का?" असं विचारलं तर जास्त फायदा होतो. स्ट्रोकनंतर गिळणं बिघडतं आणि प्रेमाने पाजलेलं घोटभर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

रक्ताची टेस्ट खरी कामाची कुठे ठरेल?

बहुधा ॲम्ब्युलन्समध्ये. दारातच कळलं की हा रक्तस्राव आहे, तर पेशंटला थेट न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात नेता येईल.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या १४ केंद्रांत २०५ रुग्णांवर जीएफएपी तपासलं गेलं. निकाल २०१२ मध्ये आले. खुणेने १०० पैकी साधारण ८४ रक्तस्राव ओळखले. म्हणजे १६ निसटले. त्या १६ जणांना गुठळीचा स्ट्रोक समजून इंजेक्शन दिलं तर काय होईल? म्हणून आजही सिटी स्कॅन झाल्याशिवाय इंजेक्शन दिलं जात नाही.

हे इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी काढता येते आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंत करता येतं. पण उशिराची किंमत असतेच. मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला.

कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी ॲम्ब्युलन्स अडकते, तेव्हा ही मिनिटं मोजावीत. नंतर रक्तात जो आकडा दिसणार असतो, तो बराचसा याच मिनिटांत ठरत असतो.

बोटं टोचू नका

स्ट्रोक आल्यावर सुईने दहाही बोटं टोचून रक्त काढा, असा मेसेज अनेक वर्षं फिरतो आहे. त्याला कुठलाही वैद्यकीय आधार नाही. त्यात फक्त वेळ जातो. स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडावाटे देऊ नका.

तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं. यातलं एकही अचानक दिसलं, तर १०८ ला फोन करा. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून ठेवा. सर्वात जवळच्या दवाखान्यापेक्षा, सिटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन दिवसरात्र मिळणारं सर्वात जवळचं रुग्णालय महत्त्वाचं. आपल्या भागात ते कुठलं, हे आजच फोन करून विचारून ठेवता येतं.

डॉक्टरांना काय विचारावं?

"बाबा चालतील का?" हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा:

• स्ट्रोक गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा? मेंदूत नेमकी इजा कुठे झाली?
• एनआयएचएसएसचे गुण आल्यावर किती होते, आज किती आहेत?
• गिळण्याची तपासणी झाली का?
• फिजिओथेरपी कधी सुरू होईल आणि घरी गेल्यावर आठवड्यातून किती वेळा हवी?
• दुसरा स्ट्रोक येऊ नये म्हणून कुठल्या गोळ्या, किती दिवस?

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने होते, पण तिथे थांबत नाही. बोलणं तर त्यानंतरही बराच काळ सुधारत राहू शकतं. त्यामुळे घर विकायचं, नोकरी सोडायची, गावी न्यायचं, असे मोठे निर्णय पहिल्या आठवड्यातल्या कुठल्याही आकड्यावर घेऊ नयेत. तिसऱ्या दिवशी "सांगता येत नाही" असं म्हणणारा डॉक्टर बहुतेक वेळा टाळत नसतो. त्या दिवशीचं खरं उत्तर तेच असतं.